मंगळवार पेठेतला गुरुवारचा ज्ञानेश्वरी वर्ग, आठ महिने बसल्यावर

कंपनीतल्या दोघा-तिघांनी विचारलं की तू दर गुरुवारी शिफ्ट बदलून घेऊन जातोस तरी कुठं, पाहुण्यांतपण विचारणा चाललीय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर ज्ञानेश्वरीचा वाचन वर्ग चालतो, गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ, महिन्याची फी 200 रुपये आणि त्यात चहा. बोर्ड नाही, पावती नाही, नाव पण नाही, सगळे नुसतं 'गुरुवारचा वर्ग' म्हणतात. चालवणारे सर संस्कृत-मराठी शिकवून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं बोर्ड लावला की दुसऱ्या दिवशी लोक विचारणार हा कुठल्या पार्टीचा, म्हणून मी पण इथं त्यांचं नाव आणि गल्ली टाकत नाही, पेठेत कुणालाही विचारा, सांगतील.

पहिल्यांदा एक सांगतो, हे प्रवचन नाही आणि पारायण पण नाही. सर गादीवर बसून बोलतायत आणि आपण हात जोडून ऐकतोय असलं इथं काही नाही. सगळे गोल करून सतरंजीवर बसतात, एकानं ओवी वाचायची, मग अर्थावर चर्चा, आणि चर्चा म्हणजे खरंच चर्चा, कधीकधी आवाज चढतो. पंधरा-सोळा माणसं असतात. माळकरी आहेत, एक वकील आहेत, गुजरीत म्हणजे सराफ बाजारात काम करणारे एक अण्णा, दोन कॉलेजच्या पोरी, एक इंजिनियर पोरगा ज्याला देव आहे की नाही याचीच शंका आहे पण ग्रंथ वाचायची हौस दांडगी, आणि तीन-चार बायका ज्या सगळ्यात जास्त तयारी करून येतात.

सरांचा नियम एकच. कुणी काही बोलायला लागलं की ते म्हणतात, "कुठल्या शब्दावरनं म्हणताय? बोट ठेवा." म्हणजे खरंच पुस्तकातल्या शब्दावर बोट ठेवायचं आणि मग बोलायचं. नुसतं 'शास्त्रात असं सांगितलंय' चालत नाही आणि 'हे सगळं जुनाट आहे' असं पण चालत नाही. पहिल्या दिवशी मला हे शाळेसारखं वाटलं, पण दोन महिन्यांत कळलं की अर्धी भांडणं तिथंच मिटतात, कारण बोट ठेवायला गेलं की कळतं आपण जे म्हणतोय ते त्या ओवीत नाहीच, ते कुठंतरी ऐकलेलं आहे.

मला हे जवळचं वाटलं त्याचं कारण माझं काम. मी शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्यात जॉब हातात घेतला की पहिला प्रश्न, ड्रॉइंग कुठल्या रिव्हिजनचं? जुन्या रिव्हिजनवर जॉब मारला की अख्खा लॉट रिजेक्ट. ज्ञानेश्वरीचं पण अगदी तसंच आहे हे मला इथं आल्यावर कळलं. आपण समजतो ज्ञानेश्वरी म्हणजे एकच पुस्तक. माउलींनी नेवाशाला शके 1212 म्हणजे 1290 साली सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, आणि मग तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या, नकला करताना शब्द बदलत गेले, कुणी चुकून, कुणी आपल्याला जास्त कळतं म्हणून. शेवटी एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला, आणि वर ताकीद लिहून ठेवली की जो कुणी यात आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. सरांनी ही ओवी वाचली तेव्हा आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे नाथबाबांच्या आधी कुणीतरी ठेवल्या असणारच की करवंट्या, त्याशिवाय असं कोण लिहितंय." बरोबर आहे की नाही. त्यानंतर इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 मध्ये नाथांच्याही आधीची प्रत मिळाली म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी छापली, त्यावर बरीच टीका झाली, पण वर्गात दोन्ही ठेवलेल्या असतात आणि अडलं की दोन्ही उघडून बघतात. माझ्यासारख्या माणसाला हे बघूनच बरं वाटलं.

आता मला ज्या गुरुवारांबद्दल लिहायचंय ते लिहितो. मी आलो तेव्हा नववा अध्याय सुरू होता, आणि आठ महिन्यांत हा एकच अध्याय झालाय. गीतेचे 34 श्लोक, त्यावर माउलींच्या 535 ओव्या. हळू वाटेल कुणाला, पण बत्तिसाव्या श्लोकाला आम्ही सलग तीन गुरुवार अडकलो होतो आणि ते तीन गुरुवार मी जन्मात विसरणार नाही.

श्लोक असा आहे: 'मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः । स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम् ॥' माझा आश्रय घेतला की पापयोनी (म्हणजे पापी जन्माचे), स्त्रिया, वैश्य, शूद्र, हे पण परमगतीला जातात. कॉलेजच्या दोन पोरींपैकी एकीनं वाचलं आणि थांबली. म्हणाली, "सर, यात मी पापयोनी आहे की पापयोनीनंतरची?" कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "प्रश्न व्याकरणाचा आहे, बरोबर विचारलास, आता बघूया कुणी काय म्हटलंय."

म्हणजे 'पापयोनयः' हे स्त्रिया-वैश्य-शूद्रांचं विशेषण आहे, का तो वेगळाच एक गट आहे? श्लोकात स्वल्पविराम नसतो. शंकराचार्यांच्या भाष्यात सरळ आहे, पापयोनी म्हणजे कोण तर, असा प्रश्न टाकून पुढं उत्तर दिलंय, स्त्रिया, वैश्य आणि शूद्र. विषय संपला. वकील काकांनी गीतारहस्य आणलं होतं, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, 1915 साली छापलेलं, त्यात टिळक म्हणतात की हा शब्द वेगळा धरायचा, स्त्रिया वैश्य शूद्रांना तो लागू नाही. इथपर्यंत सगळ्यांना बरं वाटलं, ती पोरगी पण सुटली म्हणायची. पण मग पापयोनी कोण, तर टिळकांनी अर्थ लावलाय की सरकारदरबारी ज्या जमातींना गुन्हेगार म्हणून धरतात त्या.

आमच्यात एक मामा बसतात, जास्त बोलत नाहीत, भिंतीला टेकून वहीत उतरून घेत असतात. ते म्हणाले, "सर, ते आम्हीच." एवढंच. मग एक दोन मिनिटांनी सांगितलं की त्यांच्या आज्याला रोज हजेरी द्यायला लागायची, रात्री गावाबाहेर जायचं तर पाटलाला सांगून, काही केलेलं नसताना, नुसतं त्या जातीत जन्मला म्हणून. इंग्रजांचा तो गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा, रद्द झाला 1952 ला. आपल्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी हजेरी आधीच बंद केली होती, पण मामांचं मूळ गाव संस्थानाच्या हद्दीबाहेरचं. खोलीत कुणाला काय बोलावं कळेना. एका शब्दाचा अर्थ असा फिरवला की या बाजूचे सुटतात आणि त्या बाजूचे आत जातात, आणि दोन्ही बाजूची माणसं त्याच सतरंजीवर बसलेली.

त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. जिन्यात कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी इंजिनियर पोरगा तयारी करून आला होता. त्याचं म्हणणं, हे धुऊन निघणारं नाही, पुढचा तेहतिसावा श्लोक बघा, 'किं पुनर्ब्राह्मणाः पुण्या', मग पुण्यवान ब्राह्मण आणि राजर्षींचं तर काय सांगावं. म्हणजे वर पुण्य आणि खाली पाप अशी मांडणीच आहे, शंकराचार्य शब्दाला धरून आहेत, तुम्हाला आवडो न आवडो. त्यानं बोट ठेवून सांगितलं त्यामुळं कुणाला खोडता येईना. माळकरी काका मात्र चिडले, म्हणाले, "आम्हाला गीता माउलींच्या तोंडून कळते, माउली काय म्हणतात ते बघा की, संस्कृतात कुठं डोकं फोडताय." पोरगा म्हणाला टीका ती टीका आणि मूळ ते मूळ. काका म्हणाले माउलींना टीका म्हणतोस? इथं जरा तापलं. अण्णांनी चहा मागवला म्हणून निभावलं.

पण काकांनी जे म्हटलं तेच तिसऱ्या गुरुवारी केलं. ओवी उघडली. 'यालागीं पापयोनीही अर्जुना । कां वैश्य शूद्र अंगना । मातें भजतां सदना । माझिया येती ॥' सरांनी विचारलं, कुठला शब्द महत्त्वाचा? कुणी पापयोनी म्हणालं, कुणी अंगना म्हणालं. सर म्हणाले, "कां." आपण आज 'का' म्हणजे प्रश्न समजतो, पण माउलींच्या मराठीत 'कां' म्हणजे किंवा, अथवा. पापयोनीही, किंवा वैश्य, शूद्र, स्त्रिया. म्हणजे माउलींनी तो स्वल्पविराम टाकला, एका अक्षरात, टिळकांच्या सहाशे वर्षं आधी. आणि पापयोनी कुठली ते कुठल्या जातीचं नाव घेऊन सांगितलं नाही.

मग मागच्या ओव्या परत वाचल्या, ज्या आम्ही तीन आठवड्यांपूर्वी वाचून पुढं गेलो होतो. 'तैसे क्षत्री वैश्य स्त्रिया । कां शूद्र अंत्यजादि इया । जाती तंवचि वेगळालिया । जंव न पवती मातें ॥' ओढा ओढा असतो तो गंगेला मिळेपर्यंत, लाकूड खैराचं का चंदनाचं हे आगीत पडेपर्यंत, तशा या जाती. आता बघा, गीतेत राजर्षी पुढच्या श्लोकात वरच्या ओळीत आहेत, माउलींनी क्षत्रियांना उचलून स्त्रिया, शूद्र आणि अंत्यजांच्या रांगेत बसवलं. अंत्यज म्हणजे अस्पृश्य मानलेले, हा शब्द तर मूळ श्लोकात नाहीच. पोरगा म्हणाला, "म्हणजे माउलींनी बदललं." माळकरी काका म्हणाले, "माउलींनी उघडलं." दोघांनीही बोट एकाच ओवीवर ठेवलं होतं.

मला इथं माझं मत सांगायचंय. मला पोराचं पटतं आणि काकांचंही पटतं, पण ज्या गोष्टीसाठी मी आठ महिने जातोय ती वेगळी आहे. आमच्याकडं जॉब ड्रॉइंगपेक्षा वेगळा करायला लागला तर डेव्हिएशन नोट काढतात, काय बदललं, का बदललं, सही कुणाची. मग तो जॉब पास होऊ शकतो. लपवून पास केला तर मात्र एक दिवस कुठंतरी तुटतो. ग्रंथाचा अर्थ लावताना लोक नेमकं हेच लपवतात. एकजण म्हणतो मूळात असं वाईट काही नव्हतंच, सगळं नंतर घुसवलं. दुसरा म्हणतो जसं लिहिलंय तसंच आहे, एक काना बदलायचा नाही, आणि स्वतः मात्र सोयीची ओवी घेतो, नको ती सोडतो. या वर्गात पहिल्यांदा मी बघितलं की माणसं म्हणतात, हो, इथं श्लोक असा आहे, इथं माउलींनी तो असा वळवला, आणि मी माउलींच्या बाजूनं आहे. सही करून. मामांनी त्या दिवशी काय म्हटलं सांगतो, म्हणाले, "श्लोक खोडू नका सर, राहू द्या, पण त्याच्या खाली ही ओवी लिहीत चला."

कोल्हापुरात हा विषय नवीन नाहीच म्हणा. 1899 साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदातले, क्षत्रियांचे) नाही तर पुराणोक्त (पुराणातले, शूद्रांसाठीचे) मंत्र म्हणले जातायत हे राजारामशास्त्री भागवतांनी दाखवून दिलं आणि तिथनं जे वेदोक्त प्रकरण पेटलं ते पार 1920 च्या क्षात्रजगद्गुरूंच्या, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंच्या पीठापर्यंत गेलं. कुठला मंत्र कुणासाठी, हे पुस्तक उघडून कोण ठरवणार, भांडण तेवढंच होतं. घाट इथनं चालत वीस मिनिटांवर.

अंबाबाईवरनं पण दोन गुरुवार गेले. आई विष्णूची पत्नी लक्ष्मी का आदिशक्ती, नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो त्याचा अर्थ काय, हे आपल्याकडं घराघरात चालतं. सरांनी देवीच्या सप्तशतीला जोडलेलं प्राधानिक रहस्य हे प्रकरण काढलं, त्यात महालक्ष्मीच्या हातात मातुलुंग म्हणजे म्हाळुंग, गदा, खेटक म्हणजे ढाल, आणि पानपात्र म्हणजे प्यायचं भांडं, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी, असं वर्णन आहे, आणि तिला सगळ्यांची आद्या, त्रिगुणा म्हटलंय. कमळं आणि शेजारी विष्णू असं त्यात नाही. लहानपणापासून दर्शन घेतोय पण हातात काय काय आहे हे मी कधी मोजलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन नीट बघितलं. शालूवाल्या, म्हणजे आई विष्णूची लक्ष्मीच असं मानणाऱ्या बाजूचे एक काका म्हणाले परंपरापण शास्त्रच आहे की, श्लोकापेक्षा कमी कशी? त्यावर अजून एकमत नाही, होणारपण नाही बहुतेक, आणि मला त्यांचा मुद्दा हलका वाटत नाही.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. साडेसातचा वर्ग पावणेआठशिवाय सुरू होत नाही, लांबून येणाऱ्यांची शेवटची केएमटी बस चुकते. वकील काका आणि पोरगा दोघंच बोलत राहतात, सरांनी त्यांना आवरायला पाहिजे, बायकांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात आणि खरे मुद्दे त्यांच्याच वहीत असतात. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळतं. रेकॉर्डिंग करू देत नाहीत, त्याचं कारण मला पटतं, मामांनी जे सांगितलं ते मोबाईल चालू असता तर सांगितलं नसतं, पण खाडा झाला की बुडालं ते बुडालं. सगळ्यात मोठी तक्रार जिन्याची. लाकडी, उभा, कठडा एकाच बाजूला, वर दोर बांधलाय धरायला. साठीच्या पुढच्या माणसानं एकट्यानं चढू नये असा आहे, आणि ज्ञानेश्वरी वाचणारी माणसं कुठल्या वयाची असतात ते काय सांगायला पाहिजे का.

फी, चहा, शिकवणं याबद्दल शंका नको. येताना स्वतःची ज्ञानेश्वरी आणा, सार्थ असली तरी चालेल, फक्त ओव्यांना नंबर असलेली पाहिजे. पहिले तीन-चार गुरुवार काही कळणार नाही, तरी यायचं सोडू नका. ज्यांना मनःशांतीसाठी ऐकायचंय त्यांनी दुसरीकडं जावं, वाईट म्हणून नाही, इथं शांती कमी मिळते. मी याआधी एका ठिकाणी सप्ताहात बसलो होतो, तिथं याच श्लोकाबद्दल विचारलं तर सांगण्यात आलं की प्रश्न पडतो म्हणजे श्रद्धा कमी आहे. मी सहा वर्षं ग्रंथ हातात घेतला नव्हता त्यानंतर.

आई मात्र रोज वाचते, माझ्या लहानपणापासून. तिला फक्त देवनागरी वाचता येते एवढंच शिक्षण, तिसरीतनं शाळा सुटलेली. तिसऱ्या गुरुवारी घरी आलो, जेवता जेवता तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. हात धुऊन पोथी काढली, चष्मा लावला, नववा अध्याय काढला आणि मला म्हणाली, "दाव कुठं." मी ओवी दाखवली. तिनं 'कां' वर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरून बसली. मग म्हणाली, "मी इथं आलं की आवाज बारीक करत होतो रे. पोरी असायच्या ऐकायला." आमच्याकडं बायका करत होतो असंच म्हणतात. एवढ्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं की ती तिथं आवाज बारीक करते.

सरांना जिन्याचं सांगितलंय, वाड्याच्या मालकांना विचारून खालच्या सोप्यात म्हणजे ओसरीत बसायचं बघतो म्हणालेत. दहावा अध्याय येत्या गुरुवारी सुरू होतोय. सोपा मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर मी आणि मामा मिळून आईला चढवणार आहे, मामांनीच सांगितलंय की तुम्ही पुढनं धरा, मी मागनं येतो.